मसुराएवढा टवका: गाडीचा पत्रा घरच्या घरी गंजापासून कसा वाचवावा

बंपरवर लांबलचक ओरखडा आला की माणूस दोन दिवस हळहळतो. त्याच गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीला खडी लागून मसुराएवढा टवका उडालेला असतो, त्याच्याकडे मात्र वर्षभर कोणाचं लक्ष जात नाही. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही. ओरखडा तसाच ठेवलात तरी गाडीचं काही बिघडत नाही, फक्त आपल्याला बोचतं. टवक्याचं उलट. तो पत्र्यापर्यंत पोचला असेल तर एक-दोन पावसाळ्यांत तिथे रुपयाएवढा फोड येतो, आणि तो फोडून पाहावा तर आत पत्र्याऐवजी चाळण निघते.

मी रत्नागिरीत राहतो. इथे खिडकीच्या गजांपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्याला गंज चढतो, तिथे गाडी कशी सुटेल? स्वतःच्या जुन्या हॅचबॅकवर हात चालवून जे जमलं आणि जे फसलं, ते इथे सांगतो. तुम्ही याआधी पॉलिश पेपरही हातात धरला नसेल, असं धरूनच लिहितो आहे.

रंगाखाली काय असतं

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या दीड-दोन केसांएवढी. तेवढ्यात चार-पाच थर असतात. पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर देतात. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, चढवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याला दिसते ती चमक क्लिअर कोटची. गंजाशी खरी झुंज देतो तो तळातला प्रायमर.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असलं की वेग वाढतो, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, शेजारचा रंग उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली नवा पत्रा उघडा पडतो. वरून ठिपका दिसतो तेव्हा आत तो पसरलेला असतो, हे लक्षात ठेवूनच कामाला हात घाला.

आधी धुवा, मग नखाने पाहा

गाडी भरपूर पाण्याने धुवा. एरवी भांड्यांचा साबण गाडीला लावू नये, तो वॅक्स काढून टाकतो. दुरुस्तीच्या आधी मात्र तेच हवं असतं, म्हणून त्या जागेपुरता बिनधास्त वापरा. कोरडी झाली की उन्हात तिरप्या नजरेने एकेक भाग पाहा.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर इजा क्लिअर कोटपुरती आहे. नख अडकलं आणि आत पांढरट किंवा राखाडी रंग दिसला तर ओरखडा प्रायमरपर्यंत गेला आहे. चकचकीत धातू किंवा तांबूस डाग दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. कामाचा क्रम यावरूनच लावा: आधी तांबूस डाग, मग उघडा धातू, मग प्रायमर, आणि नुसते दिसायला वाईट ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात.

कधी करायचं, काय आणायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात रंगकाम करू नका. हवेत दमटपणा असला की रंगाखाली ओल अडकते, आणि एनसी म्हणजे लॅकर प्रकारच्या रंगावर पांढरट झाक येते. हिवाळ्यातही पहाटेचं दव पूर्ण उडू द्या, दहाच्या पुढे सुरुवात करा. काम सावलीत करा. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आधीच वाळतो.

दुकानात जाऊन वॉटर पेपर, म्हणजे ओलाही वापरता येणारा पॉलिश पेपर, मागा. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. गंज खरवडायला ८० आणि १२०, कडा उतरवायला २२० आणि ४००, रंगाआधी ८००, शेवटच्या घासाईला १५०० आणि २०००. शिवाय मास्किंग टेप, इपॉक्सी प्रायमर, टचअप पेन किंवा स्प्रेचा डबा, क्लिअर कोट, रबिंग कंपाउंड, गंज बदलणारं द्रावण म्हणजे रस्ट कन्व्हर्टर, आणि दोन-तीन मऊ मायक्रोफायबर फडकी. हातमोजे आणि मास्क विसरू नका. थिनर आणि स्प्रे पेटतात, त्यामुळे गाडी गॅसच्या शेगडीजवळच्या पडवीत उभी करून हे उद्योग करू नका.

रंग घेताना "पांढरा द्या" म्हणून चालत नाही. प्रत्येक रंगाला कोड असतो आणि तो गाडीवरच एका पट्टीवर किंवा स्टिकरवर छापलेला असतो. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर शोधा. उदाहरणार्थ, मारुतीच्या सुपिरिअर व्हाइटचा कोड २६यू आणि सिल्की सिल्व्हरचा झेड२एस. कोड बरोबर असला तरी दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीशी नवा रंग तंतोतंत जुळेलच असं नाही. चंदेरी आणि मोतिया छटांत फरक जास्त दिसतो. आधी दाराच्या आतल्या बाजूला एक ठिपका देऊन पाहा.

नख न अडकणारे चरे

हे सोपं आहे. फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घ्या, हलक्या हाताने गोल गोल घासा, पुसा, पाहा. गरज असेल तर पुन्हा. मग पॉलिश आणि वॅक्स. हे काम रंग भरून होत नाही, क्लिअर कोट घासून पातळ करून होतं, हे मात्र ध्यानात असू द्या. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा. दर दिवाळीला हौसेने अख्खी गाडी कंपाउंडने घासणारे लोक मी पाहिलेत. काही वर्षांत त्यांच्या छपराचे पापुद्रे निघायला लागतात.

टवके: पाच मिनिटांचं काम, पण घाई नको

खडीने उडालेले टवके बॉनेटच्या पुढच्या कडेला, चाकांच्या मागे आणि दारांच्या काठांवर सापडतात. आत तांबूस ठिपका असेल तर तो आधी काढायचा. मोठा पेपर घासलात तर शेजारचा चांगला रंगही जाईल. त्यासाठी एक युक्ती: शिसपेन्सिलीच्या मागच्या खोडरबरावर ४०० नंबरच्या पेपरची छोटी चकती चिकटवा आणि पेन्सिल बोटांत फिरवत तेवढीच जागा घासा. चकचकीत धातू दिसला की थांबा.

जागा पुसा. पेट्रोलने पुसायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. पेट्रोल मागे तेलकटपणा ठेवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं. मग टूथपिकच्या टोकावर प्रायमरचा थेंब घेऊन टवक्याच्या मध्यभागी टेकवा. ब्रशने ओढू नका, थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो. तो वाळला की रंगाचा थेंब. रंग वाळताना आकसतो, म्हणून एकाच जाड थेंबात खड्डा भरायचा मोह टाळा. अर्ध्या-एक तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ थेंब द्या, शेवटी क्लिअर कोटचा एक. भरलेली जागा किंचित उंच दिसेल. आठवडाभर तशीच ठेवा, मग २००० नंबरच्या ओल्या पेपरने अगदी अलगद सपाट करून कंपाउंड मारा. ही शेवटची पायरी नाही जमली तरी पत्रा वाचलेला असतो, आणि गंमत म्हणजे हातभर अंतरावरून कोणालाही काही कळत नाही.

फोड आला असेल तर

माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराखाली पहिला फोड आला तेव्हा मी ती एका गॅरेजात दिली. दोन दिवसांत जागा आरशासारखी करून मिळाली. पुढच्या गणपतीपर्यंत फोड त्याच जागी हजर, आणि आधीपेक्षा मोठा. खरवडून पाहिलं तर गंज न काढताच त्यावर लांबी थापलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा. आपण लांबी म्हणतो ती पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषून घेते. गंजावर ती लावणं म्हणजे जखमेवर ओला कापूस बांधून ठेवणं. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो.

पहिली गोष्ट, फोड पूर्ण उघडा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सुटलेला रंग उचला आणि जिथवर तो सहज सुटतो तिथवर जा. जागा आधी दिसत होती त्याच्या दुप्पट-तिप्पट होते, छातीत धस्स होतं, होऊ द्या. आता टोकाने पत्रा दाबून पाहा. कडक लागला तर पुढे चला. टोक आत घुसलं किंवा पत्रा बिस्किटासारखा चुरला तर हे घरचं काम नाही, त्याबद्दल शेवटी सांगतो.

पत्रा कडक असेल तर ८० च्या पेपरने सुरुवात करा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आणि चांगल्या रंगाच्या आतही दोन-तीन सेंटीमीटर जा, कारण गंजाची मुळं तिथे लपलेली असतात. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, बोटांनी घासलं की पन्हळी पडतात. मग १२०, मग २२०, मग ४०० ने रंगाची कड अशी उतरवा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. अख्ख्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो. पुढे रंगात दिसणारी बहुतेक व्यंगं खरं तर इथल्या आळसाची असतात.

एवढं घासूनही पत्र्यावर काळे बारीक ठिपके राहतातच. ते खोल गेलेले गंजाचे खड्डे. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यात फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असतं आणि ते उरलेल्या गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतं. टॅनिक असेल तर जागा काळी पडते. सुट्या, पापुद्रे आलेल्या गंजावर ते ओतून मोकळं होता येत नाही. आधी घासणं, मग द्रावण. बाटलीवर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि पूर्ण वाळवा. आम्लाचा अंश राहिला तर काही प्रायमर वर धरत नाहीत.

त्यानंतर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. "उद्या करू" म्हणालात तर समुद्राकडची हवा रात्रीतून उघड्या पत्र्यावर पुन्हा तांबूस झाक आणते. हार्डवेअरच्या दुकानात रेड ऑक्साइड स्वस्तात मिळतं, पण ते गेटाला आणि ग्रिलला ठीक. त्यावर गाडीचा लॅकर रंग मारला तर रंगातल्या थिनरने खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात.

पत्र्यात खळगा राहिला असेल तर प्रायमर वाळल्यावर लांबी भरा. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. डोळ्याने मोजायचं तर गोल्फच्या चेंडूएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. जास्त घातलं तर लांबी पाच मिनिटांऐवजी दोनच मिनिटांत दगड होते, हातात सुरीसकट. थर दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जाड नको. लांबी कोरडीच घासा, पाणी लावू नका, कारण मघाशी सांगितलं तेच.

आता रंग. सभोवती कागद लावा, पण टेपची कड पत्र्यावर घट्ट दाबू नका; ती उलटी गुंडाळून जरा उचललेली ठेवा, म्हणजे नव्या-जुन्या रंगाची रेघ उठत नाही. डबा दोन मिनिटं हलवा. २०-२५ सेंटीमीटर अंतरावरून, जागेच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच थांबवत, सरळ हात फिरवा. पहिला फवारा पुसट दिसतो, तसाच दिसायला हवा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. ओघळ आला तर पुसायला जाऊ नका. वाळू द्या, घासा, पुन्हा मारा. रंगावर दोन-तीन थर क्लिअर कोट. महिनाभर वॅक्स लावू नका, आत राहिलेलं थिनर उडून जायला वाट हवी.

एक कळकळीची सूचना. प्रायमर मारून गाडी तशीच महिनोन्महिने फिरवणारे लोक दिसतात. बहुतेक प्रायमर पाणी पितात, त्यामुळे वर रंग नसेल तर त्यांचा आधार फार दिवस टिकत नाही. एकदा सुरू केलंत की त्या शनिवार-रविवारात संपवा.

पोचे

बंपरला पोचा आला असेल तर त्यावर उकळतं नाही पण चांगलं कढत पाणी ओता आणि मागून हाताने ढकला, पुष्कळदा टक्कन बाहेर येतो. पत्र्यावरचा पोचा रुंद आणि उथळ असेल तर सक्शन कपने ओढून पाहायला हरकत नाही. हेअर ड्रायर आणि बर्फाचे व्हिडिओ मीही पाहून करून बघितले. पत्रा होता तिथेच राहिला. रंग फुटला नसेल तर रंग न मारता मागून दांड्याने पोचा काढणारे कारागीर शहरांत मिळतात. पैसे द्या आणि कारखान्याचा मूळ रंग वाचवा, कारण त्या तोडीचा थर कोणतंही गॅरेज देऊ शकत नाही.

गंज जिथून येतो तिथे त्याला गाठा

दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची छोटी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं, पण मातीने ती बुजतात आणि दाराच्या पोटात तळं साचतं. दार उघडताना आत खळखळ ऐकू आली तर समजा. खराट्याची हिराची काडी घ्या आणि सगळी भोकं मोकळी करा. मे महिन्यात एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा. दाराखालच्या उंबरठ्याच्या पोकळीलाही अशीच भोकं असतात. पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली, आंब्याची-गुलमोहराची पानं कुजत पडतात, ती हाताने काढा.

कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, त्यामुळे गाडी आपोआप धुतली जाते असा एक गोड समज आहे. पाऊस छप्पर धुतो. चाकांच्या कमानींच्या आतल्या ओठावर बसलेला चिखल मात्र तसाच राहतो, ओला आणि खारट. तिथे पाइप लावून खालून पाणी मारावं लागतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीतून गाडी आणलीत, किंवा मासळीच्या ट्रकमागून निथळतं पाणी झेलत दहा किलोमीटर आलात, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवा. पुळणीवर गाडी उतरवू नका. वाळूत रुतली तर नामुष्की आहेच, पण भरतीचं पाणी एकदा चेसिसच्या पोकळीत शिरलं की ते कोणी बाहेर काढून देत नाही.

ओली गाडी प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकणं म्हणजे तिला वाफारा देणं. नुसतं छप्पर आणि खेळती हवा परवडली. पावसाळ्यात पायाखालच्या मॅट आठवड्याला काढून वाळवा आणि खालचा गालिचा हाताने दाबून पाहा. ओल लागली तर तळाचा पत्रा आतून सडतो आहे. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका, तुडतुड्यांचा चिकटा छपरावर बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. कावळ्यांची शिट दिसली की ओल्या फडक्याने आधी भिजवा, मग उचला. कोरडी घासलीत तर चरे पडतात.

तळाला अंडरबॉडी कोटिंग मारून घेत असाल तर तीन गोष्टी समोर उभं राहून पाहा: आधी तळ धुऊन पूर्ण वाळवला का, जुना गंज काढला का, आणि निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजवली नाहीत ना. ओल्या गंजावर मारलेला काळा जाड थर पुढे तडकतो, त्यामागे पाणी साचतं आणि आतली सड झाकली जाते. पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्स जास्त उपयोगी, ते बारीक नळीने आत मारतात आणि सांध्यांत झिरपतं. जुनं इंजिन ऑइल तळाला फासायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने रबरी बुश खराब होतात आणि अंगणातली माती नासते.

नवख्यांना दचकवणारी एक गोष्ट: पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. तो दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो. त्याला काही लावू नका, तेल तर नाहीच नाही.

विमा आणि वेल्डिंग

गंज नेहमीच्या झिजेत धरला जातो, त्याचा दावा मंजूर होत नाही. ठोकर लागून आलेल्या पोच्याचा दावा करता येतो, पण आधी हिशोब करा. खासगी गाडीला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून जातात. शिवाय दावा न केल्याबद्दलची सवलत, जी पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती जाऊ शकते. किरकोळ कामाला दावा बहुधा महागात पडतो.

आणि तो मऊ पत्रा. स्क्रू ड्रायव्हर आत घुसला असेल, किंवा गंज चेसिसच्या पट्ट्यांवर, सस्पेन्शन जिथे बसतं तिथे, जॅक लावायच्या जागी किंवा सीटबेल्टच्या बोल्टभोवती असेल, तर लांबी, फायबर, स्प्रे, काहीही लावू नका. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. गॅरेजवाल्याला सांगा की रंगाआधी मला बोलवा. जोड उघडा असताना जा, मोबाइलवर फोटो काढा, आतल्या बाजूला प्रायमर आणि वॅक्स गेलं का ते विचारा. गाडी परत घेताना खिशात फ्रिजवरचं एक चपटं चुंबक ठेवा आणि दुरुस्त जागेवर टेकवून पाहा. पत्र्यावर ते टपकन चिकटतं. खाली लांबीचा जाड थर असेल तर घसरून पडतं. सेकंडहँड गाडी बघायला जाताना मीही तेच चुंबक नेतो, आणि विकणाऱ्याचा चेहरा गाडीआधी रंग बदलतो.